मदत हवी आहे : धुळीच्या थराची उंची उपग्रहावरून कशी काढावी?

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात आभाळ पांढुरके होते, पण अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर धूळ फारशी बसत नाही; त्यामुळे वाळवंटी धूळ खाली न उतरता उंचावरूनच जात असावी, असा माझा कयास आहे. (पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, जाळल्याचा धूर तेव्हा नसतो.) मोडिस या उपग्रहावरील उपकरणाची एरोसोल प्रकाशीय जाडी (हवेतले बारीक कण प्रकाश किती अडवतात याचे माप) पाहिली, परंतु ती जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेची बेरीज देते, उंची सांगत नाही. कॅलिप्सो उपग्रहाचे लिडार (लेसरचा झोत सोडून कणांची उंची मोजणारे उपकरण) उंची दाखवत असे, मात्र ते २०२३ मध्ये थांबले. २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहाचे लिडार केवळ मार्गाखालचा अरुंद छेद घेते आणि तो मार्ग गावावरून रोज जात नाही. मला प्रोग्रामिंग येत नाही व इंटरनेट मोबाइलचेच आहे. अशा स्थितीत आयासी या उपग्रहावरील उपकरणाच्या इन्फ्रारेड (उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या) मोजणीवरून काढलेली धुळीची उंची आमच्या उघड्या, तापलेल्या काळ्या जमिनीवर विश्वासार्ह मानावी, की अर्थकेअरच्या तुरळक छेदांवरच भागवावे?