तान्ह्या बाळांच्या आयांचा गट टिकत नाहीये. काय करावं?

घाटावरची सून, हर्णै
माहेर सांगलीकडचं, सासर हर्णै बंदराजवळ. मुलगी दहा महिन्यांची. नवरा बोटीवर खलाशी. चार-पाच दिवसांनी दिसतो, तोही झोपलेला.

हिवाळ्यात अंगणवाडीत लसीकरणाला भेटायचो त्या आम्ही सात-आठ जणींनी ठरवलं, सुया टोचून झाल्या की तासभर थांबायचं. पोरं रडतायत तोवर आपणही रडून घ्यायचं. खरंच बरं वाटायचं. रात्री तीनला उठून बसणारी मी एकटीच नाही, एवढं कळलं तरी पुरे होतं.

मग गळती लागली. एकीने सांगितलं की सासूबाई सहा महिन्यांच्या आतच बाळाला गुटी आणि पाणी पाजतात. संध्याकाळी मासळीच्या लिलावात ते सासूबाईंच्या कानावर पोचलंसुद्धा! ती परत आली नाही. दुसरीला घरून टोमणा, 'चकाट्या पिटायला वेळ आहे, तर कोळंबी सोलायला बस.' व्हॉट्सॅप ग्रुप काढला, तर त्यात सुप्रभात, आणि कुणाच्या तरी दिराने टाकलेल्या दुधाच्या पावडरीच्या जाहिराती. आता तिघीच उरलोय. कुणाचा असा गट टिकलाय का? नेमकं काय केलंत?

आशाताई, राजापूर तालुका
मोडू देऊ नका. आमच्या फेऱ्याच बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आम्ही घरी जातो. त्यानंतरची फेरी एकदम तिसऱ्या महिन्यात. नेमकी याच मधल्या काळात माहेरहून पाठवणी होते, मालिशवाली सुटते आणि बाई एकटी पडते. म्हणून सगळ्यांना निरोप धाडण्यापेक्षा, सवा महिना झालेल्या बाईच्या घरी तुमच्यातल्या एकीने जाऊन तिला सोबत घेऊन यावं. पहिलटकरीण आपणहून पडवी उतरत नाही.

त्या दिराला ग्रुपमधून काढा. दोन वर्षांखालच्या बाळांच्या पावडरीची जाहिरात १९९२ च्या कायद्यानेच बंद आहे. आणि एखादी सतत रडते, जेवत नाही, 'बाळ नकोसं झालंय' म्हणते, तर गप्पांवर भागवू नका. आरोग्य केंद्रात न्या. टेली-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

बापमाणूस, मालवण
बापांनाही घ्या की. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. गेल्या पावसात आम्ही जाळी सांधताना पोरं मांडीवर घेऊन बसायला लागलो. 'पालक बैठक' म्हटलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं. नजर जाळ्यावर असते, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून बोललं जातं. एकाने विचारलं, बायको माझ्याशी धड बोलत नाही, काय करू? दुसरा म्हणाला, रात्रीचं लंगोट तू बदल, मग बघ. ऑगस्ट लागला की सगळं थंड, हेही खरं.

सासूच आहे मी, गुहागर
चार सासवांनाही एकदा बोलवा. आमच्या मागे बोललात की आम्ही लिलावातच ऐकणार ना! गुटीत मध वर्षाच्या आत नको, हे सून बोलली की आम्हाला शिकवणं वाटतं, नर्सबाई बोलली की माहिती वाटते. काय करणार, स्वभाव. पण दर वेळी नको आम्हाला. आम्ही असलो की तुम्ही नुसत्या माना डोलावणार.

घाटावरची सून, हर्णै
सासवांचं पटलं. लसीकरणाला नर्सबाई असतातच. मधाचा आणि पाण्याचा विषय त्यांनाच काढायला सांगते. आमच्या आळीत दोघी नुकत्याच माहेरहून आल्यात, एकीकडे उद्याच जाते. बापांचं मात्र कठीण दिसतंय. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, 'मालवणात जाळी सांधत असतील, आम्ही पावसात पत्ते पिसतो.' मालवणवाले दादा, पत्त्यांच्या डावात पोर मांडीवर टिकतं का?