जिराच्या रिक्वायरमेंट प्लगइनचा डेटा सर्व्हरवरून क्लाउडवर: इश्यू पोचले, झाड रिकामं

ठिबक_४२५००१

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतलं युनिट, काम ठिबक आणि फर्टिगेशन (पाण्यातून खत) कंट्रोलरच्या फर्मवेअरचं, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरचं. जिरा (कामांची नोंद ठेवायचं अटलासियनचं सॉफ्टवेअर) डेटा सेंटर ९.१२, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालणारा प्रकार, डेटाबेस पोस्टग्रेस, ऑफिसातल्याच रॅकवर. रिक्वायरमेंट प्लगइनमध्ये (उपकरणाने काय करायला हवं ते नोंदवणारा जोड-अ‍ॅप) दोन प्रोजेक्ट आहेत: सिस्टिम आणि फर्मवेअर. मिळून ३,४०० रिक्वायरमेंट, फोल्डरचं झाड पाच पातळ्या खोल, बेसलाइन (त्या-त्या दिवशीच्या मजकुराची गोठवलेली नोंद) १४. अटॅचमेंट ६० जीबी, लाइनचा अपलोड २० एमबीपीएस.

जिराचा हा डेटा सेंटर प्रकार २८ मार्च २०२९ला बंद होतोय, म्हणून आत्ताच चाचणी घेतली. क्लाउड मायग्रेशन असिस्टंटने (डेटा क्लाउडवर नेणारं अटलासियनचं साधन) फक्त फर्मवेअरचा प्रोजेक्ट ट्रायल साइटवर पाठवला. इश्यू (जिरातली एकेक नोंद, रिक्वायरमेंटही त्यातच), कॉमेंट, अटॅचमेंट सगळं पोचलं. झाड मात्र रिकामं, बेसलाइन एकही नाही, आणि ट्रेसेबिलिटीच्या तक्त्यात (कुठली रिक्वायरमेंट कशाशी जोडली ते दाखवणारा) सिस्टिमकडचा कॉलम कोरा. लॉगमध्ये एररही नाही. नेमकी गडबड कुठे?

भुसावळ_यार्ड

एरर येणारच नाही भाऊ. असिस्टंटच्या हिशेबाने त्याचं काम चोख झालंय.

झाड, त्यातला क्रम, बेसलाइन हे जिराच्या मूळ टेबलांत नसतंच. प्लगइन ते अ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्ट्सच्या टेबलांत ठेवतो. डेटाबेसमध्ये 'एओ_' ने सुरू होणारी नावं दिसतात ती. असिस्टंट त्यांना आपणहून हात लावत नाही. प्लगइनच्या कंपनीने मायग्रेशनचा मार्ग लिहिला असेल तरच तो डेटा निघतो, आणि तेव्हाही तीन गोष्टी आधी झालेल्या लागतात: सर्व्हरवर मार्ग असलेली आवृत्ती, क्लाउड साइटवर तोच अ‍ॅप इन्स्टॉल केलेला, आणि असिस्टंटच्या अ‍ॅप असेसमेंटमध्ये 'क्लाउडमध्ये हवा' अशी नोंद करून संमती दिलेली. असेसमेंट न करता प्लॅन चालवला की तुमच्यासारखंच होतं.

टेबलं उचलून तिकडे ओतू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. क्लाउडच्या डेटाबेसला आपला हात पोचत नाही, आणि पोचला असता तरी उपयोग नव्हता. स्थलांतरात इश्यूची की (प्रोजेक्टची खूण आणि क्रमांक मिळून झालेलं नाव) तीच राहते, आतला आकडी आयडी बदलतो. झाड सहसा आयडीवर टांगलेलं असतं. कंपनीचा मार्ग अटलासियनकडून जुन्या-नव्या आयडींची जोडणी मागवतो आणि त्यावर झाड पुन्हा उभं करतो.

कोरा कॉलम हा वेगळाच मामला. लिंकचं दुसरं टोक सिस्टिम प्रोजेक्टमध्ये, आणि तो प्रोजेक्ट तिकडे गेलेलाच नाही. दोन्ही एकाच प्लॅनमध्ये घ्या.

पांझरा_काठ

वरचं सगळं बरोबर. तरी कंपनीचा मार्ग असो वा नसो, झाडाची स्वतःची एक प्रत इश्यूच्या कीसकट काढून ठेवा. चार कॉलम पुरेत: इश्यूची की, फोल्डरचा पूर्ण मार्ग, भावंडांमधला क्रम, आणि रिक्वायरमेंटचा छापील क्रमांक. कंपनीचा मार्ग तुटला तर याच फाइलवरून क्लाउडच्या अ‍ॅपमध्ये आयात करता येतं, आणि नाही तुटला तर पडताळणीला हीच कामी येते.

ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. तीन वाटोळी हमखास होतात. ३.१० चं ३.१ होतं, म्हणजे दहावी रिक्वायरमेंट पहिलीवर जाऊन बसते. ००४५ चे शून्य गळतात. २-३ ची तारीख होते. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, ट्रान्सफॉर्म डेटामध्ये क्रमांकाचे कॉलम टेक्स्ट करा. एन्कोडिंग चुकलं की 'झडप उघडणे' सारख्या मराठी शीर्षकांचा चिखल होतो, आणि सेव्ह केल्यावर तो चिखलच खरा डेटा.

पोस्टग्रेसमध्ये मोजणी करताना एओ टेबलांची नावं दुहेरी अवतरणात लिहा. नावं मोठ्या अक्षरांत असतात आणि अवतरण नसलं की पोस्टग्रेस ती लहान अक्षरांत शोधतो, मग 'टेबल नाही' असं उत्तर. डेटा असतो, आपण घाबरतो.

ठिबक_४२५००१

दोघांचे आभार. असेसमेंट खरंच राहिलं होतं. कंपनीची कागदपत्रं आता नीट वाचली: झाड जातं, बेसलाइन जात नाहीत. ऑडिटला तर बेसलाइनच दाखवाव्या लागतात. शिवाय ट्रायल साइटवरचा प्रोजेक्ट डिलीट करून परत पाठवला तर की आधीच वापरात आहे म्हणतो.

गिरणेचं_पाणी

की आधी सोडवू. क्लाउडवर डिलीट केलेला प्रोजेक्ट ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि कीवरचा हक्क सोडत नाही. ट्रॅशमधून कायमचा काढा. परत पाठवताना कस्टम फील्ड आणि वर्कफ्लोसुद्धा तपासा: नाव तेच पण रचना वेगळी असेल तर असिस्टंट शेवटी 'मायग्रेटेड' असं शेपूट लावून दुसरं बनवतो. चार फेऱ्यांत एकाच नावाची चार फील्डं जमतात आणि फिल्टर भलत्याच फील्डवर शोधत बसतं. खऱ्या फेरीसाठी कोरी साइट घ्या, चाचणीच्या साइटवर पुढचा संसार थाटू नका.

आता बेसलाइन. जुनी बेसलाइन म्हणजे त्या दिवशीचा मजकूर. ती क्लाउडवर 'जिवंत' करण्याच्या मागे लागू नका. आजच्या तारखेला नवी बेसलाइन केली तर तिच्यात आजचा मजकूर येणार. तिला जुनं नाव दिलं तर ते ऑडिटरच्या डोळ्यांत धूळ फेकणं झालं. सर्व्हर चालू आहे तोवर चौदाही बेसलाइन पीडीएफ आणि सीएसव्ही दोन्ही स्वरूपांत काढा, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) वेगळ्या यादीत नोंदवा, आणि क्लाउडवर 'बेसलाइन संग्रह' नावाचा इश्यू करून त्याला जोडा. गोठवणीच्या, म्हणजे सर्व्हरवरचे बदल थांबवण्याच्या, दिवशी तिथे पंधरावी काढा. स्थलांतर झालं की क्लाउडवर पहिली करा. या दोघींची तुलना म्हणजेच स्थलांतराचा पुरावा.

६० जीबीला २० एमबीपीएसवर कागदोपत्रीच पावणेसात तास लागतात, प्रत्यक्षात जास्त, आणि मध्ये लाइट गेली तर विचारूच नका. असिस्टंटमध्ये अटॅचमेंट तेवढे आधी पाठवायची सोय आहे. ते आठवडाभर आधी ढकला, वापरकर्ते आणि ग्रुपही आधीच. मग शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवर फक्त वाचण्याची परवानगी ठेवा, पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घ्या, आणि प्रोजेक्ट व अ‍ॅपचा डेटा पाठवा.

सोमवारी आकडे जुळवा: एकूण इश्यू, फोल्डर, झाडाबाहेर राहिलेले इश्यू, लिंकच्या प्रकारानुसार लिंका. त्यावर प्रत्येक पातळीतले दहा-दहा इश्यू हाताने उघडून क्रम बघा, कारण संख्या जुळली तरी क्रम उलटा असू शकतो.

पांझरा_काठ

एक राहिलं. मोजणीची जुनी स्क्रिप्ट क्लाउडवर तशीच चालणार नाही. पासवर्डऐवजी ईमेल आणि एपीआय टोकन (स्क्रिप्टला आत जाण्याची किल्ली) लागतं, वापरकर्ता युजरनेमने नाही तर अकाउंट आयडीने ओळखला जातो. ४२९ ('फार विनंत्या झाल्या') उत्तर आलं तर 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये असतील तितके सेकंद थांबा. तसंच रेटत राहिलात तर नकारच येत राहतील. शोधाचा जुना एपीआयही गेला आहे. नव्यात पुढचं पान क्रमांकाने नाही, मागच्या उत्तरात आलेल्या टोकनने मागायचं.

ठिबक_४२५००१

कोरी साइट मागवली. पंधरावी बेसलाइन येत्या शुक्रवारी. फोल्डरचे आकडे आले की इथेच टाकतो.