युनिफॉर्म सुटला आणि कळलं, आपल्याला कपडेच घालता येत नाहीत. पुरुषांना स्टाइल येते तरी कुठून?

सातपूरकर४१:
१५ वर्षं सातपूर एमआयडीसीत शॉपफ्लोअरला काढली. निळा शर्ट, निळी पँट, सेफ्टी शूज, विषय संपला. मागच्या महिन्यात प्लॅनिंगला बदली झाली आणि युनिफॉर्म सुटला. पहिल्या सोमवारी कपाट उघडलं आणि दहा मिनिटं नुसता उभा. आत काय, तर लग्नातला सूट (चढत नाही), दिवाळीला कंपनीने दिलेले दोन टी-शर्ट, बायकोने आणलेले चार शर्ट आणि आहेरात आलेल्या पँटपीस-शर्टपीसची ही एवढी चळत, न शिवलेली, पुढच्या कुणाच्या तरी आहेरात सरकवायला ठेवलेली. म्हणजे ४१ वर्षांत स्वतःच्या मनाने घेतलेला असा एक कपडा सापडेना. आधी आईने वाढत्या अंगाचे घेतले, मग शाळेची खाकी, मग कंपनीचा निळा, मग बायको.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे पुरुषावर निवडायची वेळच येत नाही, आणि जो निवडत नाही त्याला नजर कुठून येणार. ती पैशाने येत नाही, रील बघून तर अजिबात नाही, दोन-चार वेळा फसून येते. पटतंय का? शिव्या दिल्या तरी चालेल.

निफाडची_थंडी:
नाही पटत भो. शर्ट अंग झाकायला असतो. फवारणीला जुना, मार्केट यार्डात जायला बरा, लग्नाला इस्त्रीचा, तीन शर्टात आयुष्य निघतं. थंडीत वरून एक स्वेटर, तोही गेल्या सालचा. आमचे आजोबा जन्मभर नेहरू शर्ट, धोतर आणि टोपी, त्यांना नव्हता कधी हा प्रश्न पडला. कॉलेज रोडची थेरं आहेत सगळी.

बॅगी_आहे_चालेल:
रीलला का शिव्या काका. मी २० चा आहे, खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला पाहिजे हे मला रीलनेच शिकवलं, घरात कुणी सांगितलं नव्हतं. टी-शर्ट घेताना जीएसएम बघायचा म्हणजे कापड किती जाड ते कळतं हेही तिकडूनच. हां, एकदा आंधळेपणाने २४० चा घेतला आणि एप्रिलमध्ये त्यात उकडून निघालो, ते माझं चुकलं. आणि गंमत म्हणजे सध्या मी घालतो ती पँट पप्पांची आहे, त्यांनी लग्नाच्या वेळी शिवलेली, पुढे चुण्या, खाली ढगळ. कॉलेजमध्ये तीन जणांनी विचारलं कुठून घेतली. आई म्हणते बुजगावणं दिसतोस. पप्पा काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

ओंजळभर:
'बायकोने आणलेले चार शर्ट' हे तक्रारीच्या सुरात लिहिलंय म्हणून बोलते. आम्ही का आणतो? कारण दुकानात गेलं की तुम्ही बाहेर गाडीवर बसता आणि 'घे तुला आवडेल तो' म्हणता. ट्रायल रूममध्ये जा म्हटलं तर कपाळाला आठ्या, 'होईल गं, ४० च लागतो मला'. मग तो होत नाही, मग तो बोहारणीकडे जातो आणि त्याच्या बदल्यात मला एक डबा मिळतो. निवडायची वेळ येत नाही म्हणे! वेळ दर दिवाळीला येते, तुम्ही ती आमच्यावर ढकलता. आणि ढकलून चालतं म्हणून ढकलता. माझी ओढणी जरा विजोड झाली तर हळदीकुंकवात चार जणी बोलून दाखवतात, हे चुरगळलेल्या शर्टात आले की 'किती साधा माणूस'.

कच्ची_शिलाई:
माझं मेन रोडच्या आतल्या गल्लीत शिलाईचं दुकान आहे, २६ वर्षं झाली, वाचून हसू आवरेना. ताईंचं शंभर टक्के बरोबर. गिऱ्हाईक येतं, पँटपीस टेबलावर टाकतं आणि म्हणतं 'करा नेहमीसारखं'. नेहमीसारखं म्हणजे वहीतलं २०११ चं माप! कंबर विचारली की ३२ सांगतात, टेप लावली की ३६ भरते, तीसुद्धा श्वास आत ओढलेला असताना. त्यात रेडिमेडवाल्यांनी सवय बिघडवली, पट्टीवर ३२ छापलेलं असतं आणि आत कंबर मोठी, माणूस खूश.

आता त्या पोराने खांद्याचं लिहिलंय ते अगदी खरं. शर्टाचा घेर कमी करून देतो, लांबी देतो, बाही देतो, पण खांदा चुकला तर सगळा उसवावा लागतो, त्यापेक्षा नवा शिवलेला बरा. म्हणून रेडिमेड घेताना आधी खांदा बघा, पोटाचं माझ्यावर सोडा. आणि आहेराचं कापड एकदा मुठीत आवळून सोडा, बहुतेक वेळा सुरकुतीच पडत नाही इतकं पॉलिस्टर असतं, चमक मात्र भरपूर. उन्हाळ्यात बाइकवर सातपूरहून घरी जाईपर्यंत अंगाला चिकटतं.

पंचवटी_कट्टा:
निफाडकर, 'शर्ट अंग झाकायला असतो' हे ज्याला कपड्यावरून कुणी कधी अडवलं नाही त्याला म्हणता येतं. १९३० ला काळारामाचा सत्याग्रह आपल्याच गावात झाला. बाबासाहेबांचा सुटातला फोटो आमच्या घरात जिथे आहे तिथून तो कधी हलला नाही. आजोबा नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला, त्यांच्याकडे एकच कोट, जुन्या बाजारातून आणलेला आणि शिंप्याकडून अंगाबरोबर करून घेतलेला. १४ एप्रिलला आणि लग्नाकार्याला तोच. आदल्या रात्री तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आणि सातपूरकर, तुमचं 'फसून नजर येते' पण मला पटत नाही. फसायला पैसे लागतात. आजोबांना एकदाही फसायची सोय नव्हती. घ्यायच्या आधी ते महिनोन् महिने नुसते बघायचे, साहेब लोकांचा कोट कुठे संपतो, बाहीतून शर्ट किती दिसतो, बटणं किती लावतात. तो कोट २० वर्षं चालला.

निफाडची_थंडी:
अडवण्याचं मी धरलंच नव्हतं, मान्य. पण ती गोष्ट वेगळी आणि २४० जीएसएम वेगळं, एवढं तर तुम्हीही मान्य कराल.

बॅगी_आहे_चालेल:
बरं तुमच्या आजोबांची टोपी कशी असायची? सगळ्यांसारखीच?

निफाडची_थंडी:
आता विचारलंच तर, नाही. पुढून चेपलेली, थोडी डाव्या बाजूला. बांधावरून नुसती टोपी दिसली तरी आम्ही ओळखायचो की आबा आले आणि पत्ते लपवायचो. पण हे स्टाइल वगैरे नाही, डोक्यालाच तशी बसायची.

ओंजळभर:
डोक्यालाच बसायची 😄 बरं बरं.

सातपूरकर४१:
दहा दिवसांनी येतोय. कट्ट्याचा मुद्दा डोक्यात राहिला, खरंच फसायला पैसे लागतात आणि मी ते पुरावा म्हणून घालवले सुद्धा. गंगापूर रोडला जाऊन पांढरी लिननची पँट घेतली, जुलै महिन्यात! दुसऱ्या दिवशी त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला शेजारून रिक्षा गेली आणि पँट घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल. ऑफिसात पोचेपर्यंत उरलेल्या भागाचा चोळामोळा. बायको काही बोलली नाही, डबा कसला घ्यायचा एवढंच म्हणाली.

मग चारेक दिवस नुसतं बघितलं. ऑफिसमध्ये एक स्टोअरचे साहेब आहेत, रिटायरमेंटला आलेले, त्यांच्याकडे मोजून पाच शर्ट असतील, फिके, बारीक चौकड्यांचे, सगळे हाफ, पण इतके नीट बसतात की १५ वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले 'पोट सुटलं तेव्हा इन करणं सोडलं आणि लांबी दोन इंच कमी केली, बास.' घरी येऊन आहेराची चळत उपसली, सगळे पीस मुठीत आवळून बघितले. १४ पैकी दोन सुती निघाले. एक राखाडी, एक फिका निळा. निळा बाजूला ठेवलाय, निळ्याला अजून मन धजत नाही.

राखाडीचा शर्ट शिवायचाय. शिलाईवाले दादा, गल्ली शोधत आलो तर घ्याल का?

कच्ची_शिलाई:
या की. दुपारी एकनंतर या, सकाळी लाइटचा भरवसा नाही. जुना शर्ट घालून येऊ नका, बनियनवर माप चांगलं येतं. गणपतीच्या आधी हवा असेल तर याच आठवड्यात, नंतर मग ढोल पथकवाल्यांचे झब्बे असतात. आणि टेप लावल्यावर श्वास सोडायचा.