युरोपात गाडी एक, पण शहरात शिरायला लागणारा प्रदूषणाचा स्टिकर देशागणिक वेगळा. एकच का नको?

फोंडेकार: मे महिन्यात भावाच्या गाडीने कोलोन, पॅरिस आणि बेल्जियमचं अँटवर्प केलं. भाऊ जर्मनीत नोकरीला. काचेवर ‘4’ लिहिलेला तिकडचा हिरवा स्टिकर होताच. पॅरिससाठी फ्रान्सचा क्रिट-एअर नावाचा स्टिकर वेगळा मागवला, पोस्टाने आला. अँटवर्पला स्टिकरच नाही, कॅमेरे नंबरप्लेट वाचतात. पण परदेशी गाडीची नोंद ऑनलाइन आधी करायची असते. ती राहिली, दंड घरपोच! गाडी युरो 6, म्हणजे युरोपच्या धुराच्या कडक मानकाची. तेव्हा दंड धुराचा नव्हे, कागदाचा. आपण पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलो तर गोव्याचीच पीयूसी चालते ना?

म्हापसेकरीण: पीयूसीत गाडीचा धूर तपासतात. तिकडचा स्टिकर मानकावरून मिळतो. आणि एकच म्हणजे कुणाचा? युरो 4 डिझेल जर्मनीत हिरवी, फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्गात, स्पेनमध्ये ‘बी’. जर्मनीत तर युरो 1 ची पेट्रोल गाडीसुद्धा हिरवी! सगळे देश एकत्र बसले की सगळ्यात ढिला नियम गळ्यात पडणार.

सत्तरीकर: ढिला कशाला? युरोची पायरी सगळीकडे एकच आहे, गाडीच्या कागदावर छापलेली असते. तोच आकडा काचेवर ठळक लावा. आत कुणाला घ्यायचं ते ज्या त्या शहराने ठरवावं. बीएस म्हणजे आपली युरोसारखीच पायरी. दिल्लीत हवा बिघडली की बीएस-3 पेट्रोल, बीएस-4 डिझेल बंद. आपल्याकडे त्याच गाड्या बिनघोर फिरतात. म्हणून बीएसचा अर्थ बदलतो का?

म्हापसेकरीण: छापलेल्या आकड्यावर एवढा विश्वास? 2015 ची फोक्सवॅगनची भानगड आठवा. कागदावर युरो 5, रस्त्यावर धूर भलताच. शहराला संशय घ्यायची मुभा हवीच.

पेडणेकर: मुळात स्टिकर हवाच कशाला? लंडनचा यूलेझ, म्हणजे जास्त धुराच्या गाड्यांकडून पैसे घेणारा विभाग, 2019 पासून आहे, ऑगस्ट 2023 पासून सगळ्या शहरभर. काचेवर काही नाही. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. फोंडेकारबाब, अँटवर्पच्या संगणकाला डच गाड्यांची माहिती मिळते, जर्मन गाड्यांची नाही. घोडं तिथे अडलंय. नवीन स्टिकरने काय होणार?

फोंडेकार: संगणक बोलतील तेव्हा बोलतील. भाऊ नाताळात परत चाललाय, या खेपेला नोंद आधीच केली. साइटने काय मागितलं माहितीय? गाडीच्या कागदाचा फोटो. सत्तरीकर म्हणतात तोच आकडा बघायला!