मदत हवी आहे: कॉलमचे नाव बदलणारे मायग्रेशन डिप्लॉयच्या कोणत्या टप्प्यावर चालवावे?

आमचे वेब ॲप्लिकेशन चार सर्व्हरवर चालते आणि डेटाबेस पोस्टग्रेस १४ आहे. डिप्लॉय करताना नवा कोड एकेका सर्व्हरवर चढतो, त्यामुळे दहाएक मिनिटे जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर काम करत असतात. मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट, मात्र डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये सर्वांत आधी चालते.

गेल्या आठवड्यात ग्राहकांच्या टेबलमधील ‘फोन’ या कॉलमचे नाव आम्ही ‘मोबाइल’ असे केले. चाचणीत हे काम क्षणात झाले होते. प्रत्यक्षात त्या टेबलवर एक लांबलचक अहवाल चालू असल्याने ‘अल्टर टेबल’ (टेबलची रचना बदलणारी आज्ञा) लॉकसाठी, म्हणजे टेबलच्या एकहाती ताब्यासाठी, ताटकळत राहिले आणि त्याच्यामागून आलेल्या, फक्त डेटा वाचणाऱ्या साध्या सिलेक्ट क्वेरीही रांगेत अडकल्या. अहवाल संपून नाव बदलले, तोच जुना कोड असलेले चारही सर्व्हर ‘फोन हा कॉलम अस्तित्वात नाही’ अशी त्रुटी देऊ लागले. उलटे मायग्रेशन (नाव पुन्हा ‘फोन’ करणारे) लिहिलेले होते, पण ते कधीच चालवून पाहिलेले नव्हते, ही चूक आमचीच.

आता नवा कॉलम जोडायचा, दोन्हींत लिहायचे, जुन्या ओळी भरून घ्यायच्या आणि मग जुना कॉलम काढायचा, असा विचार आहे. जुन्या ओळी भरणे केव्हा सुरू करावे आणि जुना कॉलम कधी काढणे सुरक्षित ठरेल?

प्रतिसाद:

दोन्हींत लिहिणारा कोड चारही सर्व्हरवर पोहोचल्याशिवाय ओळी भरायला घेऊ नका. तोपर्यंत जुना कोड फक्त ‘फोन’मध्येच लिहीत असतो आणि आधीच भरून झालेल्या ओळीतला क्रमांक त्याने बदलला, तर ‘मोबाइल’मध्ये शिळा क्रमांक राहतो. भरताना काही हजार ओळींचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) ठेवा.

कॉलम काढण्याचे मायग्रेशन पुढच्या स्वतंत्र डिप्लॉयमध्ये न्या. बऱ्याच ओआरएम (कोड आणि डेटाबेसची टेबले जोडणाऱ्या लायब्ररी) कोडमध्ये न वापरलेल्या कॉलमचेही नाव क्वेरीत घालतात. म्हणून आधी मॉडेलमधून (टेबलच्या कोडमधील वर्णनातून) तो कॉलम वगळलेला कोड सर्वत्र जाऊ द्या. प्रत्येक ‘अल्टर’आधी लॉक टाइमआउट (लॉकची वाट पाहण्याची मर्यादा) दोन-तीन सेकंदांवर आणा, लॉक मिळाला नाही तर मायग्रेशन फसेल, पण रांग तुंबणार नाही.

केवळ नाव खटकते म्हणून हा खटाटोप असेल, तर मी डेटाबेसमध्ये ‘फोन’च राहू दिला असता आणि मॉडेलमध्ये त्याला ‘मोबाइल’ म्हटले असते.