भरमसाट बनवलेल्या प्रोटीनचा फोटो बघून त्याची पेशीतली जागा ठरवायची का?

पेशीवेडा:
सीएमव्ही प्रमोटर (जीन जोरात चालवणारा डीएनएचा तुकडा) लावून माणसाच्या पेशीत प्रोटीन भरमसाट बनवायचं, जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन टॅग म्हणून जोडायचं आणि जिथे हिरवं दिसेल तीच त्याची जागा म्हणून छापायचं, हे आता थांबायला पाहिजे. प्रोटीन जागेवर पोचवणाऱ्या यंत्रणेला मर्यादा असते, त्यापलीकडे गेलं की उरलेलं सायटोप्लाझममध्ये फिरत राहतं, भलत्याच पडद्यात घुसतं नाहीतर गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्यांवर कंडेन्सेट (पेशीतले पडदा नसलेले, थेंबासारखे पुंजके) म्हणून पेपर निघतात हे मला फार खटकतं. सिग्नलिंगमध्ये तर अजून घोळ. बॅक्स हे पेशी मारणारं प्रोटीन निरोगी पेशीत बहुतेक सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) गप्प असतं, पण खूप बनवलं की बाहेरून काही न करताच मायटोकॉन्ड्रियावर बसून पेशी मारून टाकतं.

रिसेप्टर_२१:
एवढं सरसकट नका बोलू हो. २००५ मध्ये एमएव्हीएस हे व्हायरसविरोधी सिग्नल देणारं प्रोटीन सापडलं त्यात हीच पद्धत कामाला आली, जास्त बनवलं की व्हायरस नसतानाही इंटरफेरॉनचा (व्हायरसशी लढणाऱ्या प्रोटीनचा) सिग्नल चालू. यामानाकांनी २००६ मध्ये चार फॅक्टर (जीन चालू-बंद करणारी प्रोटीनं) पेशीत जबरदस्तीने बनवले म्हणून तर आयपीएस पेशी, म्हणजे साध्या पेशीपासून बनवलेल्या स्टेम सेल, मिळाल्या.

पेशीवेडा:
यामानाकांचा प्रश्नच वेगळा होता, त्यांना पेशी बदलायची होती, प्रोटीन कुठे राहतं ते बघायचं नव्हतं. आणि एमएव्हीएसचं काम खरं पटलं ते पेशीतलं एमएव्हीएस कमी केल्यावर सिग्नल पडला तेव्हा.

स्लाइडवाली:
मला वाटतं तुम्ही दोघं प्रमाण म्हणजे नुसती गडबड धरून चाललाय. प्रमाण हाच सिग्नल असतो कधीकधी! पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन, आणि एमडीएम२ त्याच्यावर युबिक्विटिन नावाची छोटी खूण लावतं. एमडीएम२ कमी असेल तर पी५३ वर एकच युबिक्विटिन लागतं आणि ते न्यूक्लियसबाहेर जातं, जास्त असेल तर साखळी लागून तिथेच नष्ट होतं. एचईआर२ हा पेशीच्या पडद्यावरचा वाढीचा रिसेप्टर बघा, स्तनाच्या साधारण १५ ते २० टक्के कॅन्सरमध्ये ते खूप वाढलेलं असतं आणि एवढी गर्दी झाली की लिगंडशिवायच (बाहेरून येऊन चिकटणाऱ्या रेणूशिवायच) रिसेप्टरच्या जोड्या जमतात. तिथे जास्त प्रमाण म्हणजेच आजार, मग ते लॅबमध्ये करून बघायचं नाही तर काय करायचं?

पेशीवेडा:
जरूर करा, पण आजार म्हणून छापा ना. नसांच्या आवरणातल्या पीएमपी२२ च्या जीनच्या दोनाऐवजी तीन प्रती झाल्या तर शार्को-मेरी-टूथ हा नसांचा आजार होतो, एकच राहिली तर नसांचा वेगळाच आजार. म्हणजे दीडपटीला एवढा फरक, आणि आपण त्याच्या कितीतरी पट बनवून त्याला नॉर्मल म्हणतो.

स्कॅफोल्ड:
+१. केएसआरसारखं स्कॅफोल्ड (काइनेज म्हणजे सिग्नल पुढे देणारी एन्झाइम्स एकत्र धरून ठेवणारं प्रोटीन) थोडं वाढवलं तर सिग्नल वाढतो, फार वाढवलं तर उलट पडतो, कारण एका स्कॅफोल्डवर एक काइनेज आणि दुसऱ्यावर दुसरा, भेटच होत नाही. एकाच डोसवर प्रयोग केला तर हे प्रोटीन सिग्नल वाढवतं की दाबतं, दोन्ही उत्तरं निघू शकतात.

रिसेप्टर_२१:
बरं, मग उपाय काय, क्रिस्परने नॉक-इन, म्हणजे पेशीच्या स्वतःच्याच जीनला टॅग जोडायचा? बरीच प्रोटीनं इतकी कमी असतात की कॅमेऱ्यात नॉइजच दिसतो. शिवाय रास या सिग्नलच्या प्रोटीनच्या सी-टोकाला (शेवटच्या टोकाला) टॅग लावलात तर त्याला पडद्यात रुतवणारी फार्नेसिलची चरबीसारखी शेपटी लागणारच नाही आणि ते पडद्यावर जाणार नाही, प्रमाण नैसर्गिक असून काय उपयोग.

पेशीवेडा:
म्हणून तर टॅग दुसऱ्या टोकाला पण लावून बघायचा. आणि टॅग नसलेलं प्रोटीन अँटिबॉडीने दाखवायचं, तीच अँटिबॉडी नॉकआउट पेशीत (जिथे ते प्रोटीनच काढून टाकलंय) काहीच चमक देत नाही हेही. ते जमणारच नसेल तर डॉक्सीसायक्लिनचा प्रमोटर (या औषधाच्या डोसप्रमाणे जीन कमी-जास्त चालवणारा) घ्या, डोस वाढवत न्या, कुठल्या डोसला जागा बदलते ते सगळं फिगरमध्ये टाका. पेपर रिव्ह्यूला आला की मी एवढं तरी मागतोच.