मदत हवी आहे: सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर धडधडतो, टॉवेल ओलेच निघतात

रावेर तालुका. मशीन सात किलोचं. टॉवेल, जीन्स, साड्या एकत्र टाकल्या की ड्रायर गदागदा हलतो. पाच मिनिटं फिरवूनही टॉवेल टपकतात, झडीत दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास मारतात. कपडे कसे निवडायचे? गरम हवेचा ड्रायर घ्यावा का? शेतातल्या कपड्यांवर केळीच्या चिकाचे डागही असतात.

तापीकाठ:
धुताना रंग बघा, ड्रायरमध्ये टाकताना जाडी. सिंथेटिक साडीतलं पाणी लगेच निघून जातं, टॉवेल ते धरून ठेवतो. मग डब्याची एक बाजू हलकी, दुसरी जड, म्हणून हेलकावे. टॉवेल टॉवेलांसोबत टाका. गोळा करून कोंबू नका. कडेने गोल अंथरत, तळाशी दाबत जा. एकटी जीन्स फिरवू नका, समोरच्या बाजूला दुसरी हवीच. वरून प्लॅस्टिकची चकती दाबून बसवा. ती नसली की रुमाल, मोजे उडून डब्याबाहेर पडतात आणि खाली दांड्याला गुंडाळतात. सुती कपड्यांना पाच मिनिटं, सिंथेटिकला दोन पुरे.

जुना_मेकॅनिक:
एवढं करूनही टॉवेल टपकत असेल तर आधी मागचा निचऱ्याचा पाइप बघा भाऊ. तो मुरडला किंवा उंच ठेवला की पाणी टबातच साचतं, डबा त्यात अडखळतो, वेग धरत नाही. रिकामा डबाही धडधडत असेल तर मोटरखालच्या स्प्रिंगा तपासून घ्या. जळका वास आला तर मशीन लगेच बंद करा. ब्रेकची तार ढिली पडली की झाकण लावल्यावरही ब्रेक पूर्ण सुटत नाही, अन् मोटर तशीच ओढत राहते.

घरकाम_कट्टा:
गरम हवेचा ड्रायर दोन हजार वॅटचा असेल तर सलग तासाला साधारण दोन युनिट खातो. आपल्याकडे वैशाखात दोरीवरच कपडे कडक होतात, म्हणजे तो लागणार झडीपुरता. आधी वाटणी सुधारून बघा, दोरीवर कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, खालून पंखा लावा. तरी घेतलाच तर कपडे नीट पिळूनच टाका, ड्रम दोन तृतीयांशच भरा, दर वेळी जाळीवरचा कापसासारखा थर काढा. तो साचला की हवा अडते, वेळ आणि बिल दोन्ही वाढतं. लोकर अन् जरीचं त्यात नको.

चिकाचे कपडे मात्र पूर्ण वेगळे ठेवा आणि ओले असतानाच धुवा. चीक वाळला की तपकिरी-काळा पडतो, गरम हवेने किंवा इस्त्रीने आणखी पक्का बसतो. डाग दिसतोय तोवर तो कपडा गरम हवेच्या ड्रायरमध्ये टाकू नका.